तेरेझिओच्या उघडलेल्या बाटल्या

तेरेझिओ हट्टी आहे, हे आमच्या टेकडीवर कोणालाही विचारा. मी गावचा न्हावी, बातिस्ता. पन्नास वर्षं त्याचं डोकं माझ्या हाताखालून गेलंय, त्यामुळे आत काय भरलंय ते मला इतरांपेक्षा जरा जास्त ठाऊक. नोकरीत असताना तो विजेचे मीटर वाचायचा. आमच्याकडे जुन्या घरांत मीटर तळघराच्या तोंडाशी असायचे, म्हणून कोणाची वाइन यंदा चांगली उतरली हे धर्मगुरूंच्याही आधी तेरेझिओला कळायचं. त्या काळी बारोलोला, म्हणजे आमच्या टेकड्यांवरच्या तांबड्या वाइनला, आजच्यासारखा भाव नव्हता. द्राक्षमळेवाले त्याला सहा-बारा बाटल्या स्वस्तात देऊन टाकायचे, आणि हा त्या सायकलला बांधून घरी आणायचा. असं करत करत सहाशे झाल्या.

त्याची बायको देल्फिना गिऱ्हाइकांनी भरलेल्या माझ्या दुकानात येऊन म्हणायची, "दुसऱ्यांचे नवरे बाहेर बायका ठेवतात. माझ्याने तळघरात ठेवल्यात. निदान कुठे आहे ते तरी कळतं."

दीड वर्षापूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. मूलबाळ नाही. तेरेझिओ ब्याऐंशी वर्षांचा, तिला उचलणार कसा? मग रोदिका नावाची रोमानियाची बाई घरी राहायला आली. बाई सोन्यासारखी; पण तिलाही पगार हवाच, आणि मीटर वाचणाऱ्याचं पेन्शन ते केवढं. खाली आल्बा शहरात नन्सच्या वृद्धाश्रमात जागा होती. पण देल्फिनाने बोलता येऊ लागल्यावर पहिली गोष्ट सांगितली ती हीच, की मला या घरातून हलवू नकोस. त्याने शब्द दिला. तो पाळण्यासाठी दोनशे बाटल्या विकायचं त्याने ठरवलं, आणि त्याही सगळ्यात चांगल्या, एकसष्ट, चौसष्ट आणि एकाहत्तर सालच्या. तेवढ्या पैशांत रोदिका चार वर्षं सहज राहिली असती.

आता त्या बाटल्यांची त्याने काय निगा राखली ते सांगायला हवं. जुन्या बाटलीतली वाइन कॉर्कमधून हळूहळू उडत जाते, पातळी खाली येते, हवा शिरते आणि वाइन मरते. म्हणून आमचे बापजादे दर पंधरा वर्षांनी बाटल्या उघडायचे. वास घ्यायचा, थेंब चाखायचा, बिघडलेली व्हिनेगरच्या पिंपात ओतायची. उरलेल्यांतली एक बळी द्यायची आणि तिच्यातून बाकीच्यांत भर घालायची, मग नवे कॉर्क, वर लाल मेण. हे काम चंद्र उतरणीला असताना, वारा पडलेल्या दिवशीच करायचं. तेरेझिओने ते तीनदा केलं, एकोणऐंशीत, चौऱ्याण्णवमध्ये आणि दोन हजार नऊ साली. तिन्ही वेळा कॉर्क ठोकायच्या यंत्राचा दांडा माझ्या हातात होता. काम संपलं की देल्फिना लसूण आणि खारवलेल्या मासळीचा गरम रस्सा चुलीवर ठेवायची, आम्ही त्यात भोपळी मिरच्या बुडवून खायचो आणि बळीच्या बाटलीत उरलेलं तिघं मिळून संपवायचो. 

इथे मला एक कबूल करायचंय. दोन हजार नऊच्या त्या कामाआधी महिनाभर, लिलावात वाइन विकणारा एक माणूस माझ्या खुर्चीत बसला होता. दाढी करता करता मी तेरेझिओचं कौतुक सांगितलं, तर तो म्हणाला, "घरी कॉर्क बदललेली बाटली आता कोणी हातात घेत नाही. आत काय भरलंय कोणी सांगावं?" मी हे तेरेझिओला सांगितलं नाही. तो कधी काही विकेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, हे एक. आणि खरं सांगायचं तर मला तो दिवस हवा होता. माझी बायको जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

तर ऑक्टोबरात मिलानहून व्यापारी आला. गिझलान्दी नाव, मऊ हात, मऊ बोलणं. आधी झालेल्या फोनवर तेरेझिओने फक्त सालं सांगितली होती. तळघरात उतरल्यावर गिझलान्दीने एकसष्टची बाटली दिव्यासमोर धरली आणि आतल्या पातळीकडे बघत राहिला.

"बोलत का नाही? आवडली नाही?" तेरेझिओ म्हणाला.

"आवडली. फारच भरलेली आहे. साठ वर्षांच्या मानाने." त्याने मेणावरून बोट फिरवलं. "हे मेण मळ्यातलंच असेल, नाही का? काही जण लावायचे पूर्वी."

नुसतं हो म्हणून सुटायला त्या माणसानेच दार उघडून धरलं होतं. त्यालाही बाटल्या हव्याच होत्या. मी तेरेझिओच्या पायावर पाय दिला.

"कागदावर एवढंच लिहायचंय," गिझलान्दी पुढे म्हणाला, "की मळ्यातून निघाल्यापासून बाटली उघडलेली नाही. खाली तुमची सही."

"उघडलेली नाही?" तेरेझिओ ताठ झाला. "म्हणजे साठ वर्षं मी यांना तशाच मरू दिल्या असं वाटतं तुम्हाला? अहो साहेब, तीन वेळा उघडल्यात. एकेक चाखून. हा बातिस्ता साक्षीला आहे. आणि बातिस्ता, तू माझ्या पायावर उभा आहेस."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. गिझलान्दीने बाटली अलगद जागेवर ठेवली. तो वाईट माणूस नव्हता. त्याने नीट समजावलं, की आज बाजारात खोटा माल फार आहे, आणि ज्या बाटलीत दुसऱ्या कोणाचा हात गेला ती कितीही चांगली असली तरी त्याला विकता येत नाही. तेरेझिओने तिथल्या तिथे एक उघडून पेला त्याच्यापुढे धरला. त्याने घोट घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाला, "उत्तम आहे." मग परत तेच, की विकता येत नाही.

शेवटी त्याने काय नेलं? कोपऱ्यातल्या छत्तीस बाटल्या, शहाण्णव सालच्या. त्या अजून कोवळ्या म्हणून तेरेझिओने कधी हातही लावला नव्हता, वर कोळ्यांची जाळी होती. तो पुसायला गेला तर गिझलान्दी घाईने म्हणाला, "पुसू नका, पुसू नका." त्या दोनशे सोडल्या तर बाकीची घरगुती पिण्याची वाइन, तिला कोण विचारतो.

तो गेल्यावर मी म्हटलं, "गाढवा, नुसती सही करायची होतीस."

"आणि उद्या कोणी कॉर्क काढून बघितला असता म्हणजे?"

"म्हणजे काय? तोवर देल्फिना घरी राहिली असती."

त्याने उघडलेल्या बाटलीला परत कॉर्क लावला. माझ्या तोंडाला तरी बोलायचा हक्क कुठे होता. नऊ साली एक वाक्य बोललो असतो तर! पण तेव्हाही दोन फेऱ्या होऊन गेल्याच होत्या, अशी मी मनाची समजूत घालतो. ती पटत नाही. अजून त्याला सांगायची हिंमत झालेली नाही.

छत्तीस बाटल्यांच्या पैशांवर फेब्रुवारीपर्यंत निघालं. मार्चमध्ये रोदिकाने रडत बॅग भरली. "आजोबा, मी फुकट राहिले असते, पण माझी पोरं तिकडे आहेत," ती म्हणाली. आल्बाची गाडी आली तेव्हा देल्फिनाने डाव्या हाताने दाराची चौकट धरली. ती बोटं तेरेझिओला सोडवावी लागली, एकेक करून. मला पाहवेना म्हणून मी गाडीवाल्याशी उगाच रस्त्याबद्दल बोलत राहिलो.

आता दर रविवारी मी त्याला आल्बाला घेऊन जातो. बाहेरून बाटली आणायला मनाई आहे, पण मोठ्या सिस्टर आमच्याच टेकडीवरच्या. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून थोडी आणली तर त्या खिडकीबाहेर बघतात. तेरेझिओ चमच्याने देल्फिनाला पाजतो आणि स्वतः झाकणात ओतून घेतो. गेल्या रविवारी चौसष्टची होती. देल्फिना ती बराच वेळ जिभेवर घोळवत राहिली.

"चांगली... ठेवलीस," ती म्हणाली. मग, "घरी कधी?"

तेरेझिओने झाकण खिशात टाकलं, परत काढलं. त्याने जन्मात कधी खोटं सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

"बाटल्या विकल्या की लगेच," तो म्हणाला.

देल्फिनाने त्याचा हात धरला. "मग लवकर विक," ती म्हणाली. "चांगल्या आहेत. घेईल कोणीही."