तिप्पट पॉइंटांचा रविवार

मी कऱ्हाड सोडलं त्या सकाळी आमच्या दारात दोन माणसं खोळंबली होती. एक मुंबईच्या विमानतळावर नेणारा गाडीवाला आणि दुसरी बोहारीण. गाडीवाला घड्याळ बघत होता आणि आई बोहारणीशी घासाघीस करत होती. लेक परदेशी निघाली आहे, परत कधी येईल कुणाला ठाऊक, आणि ही बाई माझ्या कॉलेजच्या जुन्या ड्रेसांवर स्टीलचं पातेलं मिळवायच्या मागे! मला असा राग आला होता म्हणून सांगू.

"वहिनी, एवढ्यात न्हाई परवडत. त्यो निळा टाका की वर," बोहारीण म्हणाली.

"निळा नाही. तो ती आल्यावर घालेल."

"अगं आई, दे ना टाकून! उशीर होतोय." मी जवळजवळ ओरडलेच.

आईने निळा दिला नाही. आत गेली, स्वतःची एक चांगली साडी घेऊन आली, ती बोहारणीच्या गाठोड्यात टाकली आणि पातेलं माझ्या बॅगेत कोंबलं. बाबा तोवर अंगणात बसून माझ्या बॅगेवर ऑइलपेंटने नाव रंगवत होते. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे 'मेधा' मधला 'ध' असा झोकदार की बघत राहावं. "आपली वस्तू लांबून ओळखू आली पाहिजे," एवढंच म्हणाले. गाडी निघाली तेव्हा तो रंग ओलाच होता.

बोहारणीबाबत आईचा एक नियम होता आणि तो आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. 'भांड्याकडे बघायचं नाही. हातातल्या कपड्याकडे बघायचं. हा अजून किती वापरला असता? तेवढीच त्या भांड्याची किंमत.' मला तो नियम पाठ होता आणि कळला मात्र अजिबात नव्हता. तो कळायला मला आयर्लंडमधल्या एका पत्त्यांच्या मशीनपुढे बसावं लागलं. हसू नका. तिकडे राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही इकडे नुसता पैसा कमावतो आणि गारठतो. आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, तुम्हाला तर ठाऊकच आहे की रविवारची दुपार इथे कशी अंगावर येते.

मी ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. माझं काम म्हणजे तासन् तास आकड्यांकडे बघत बसणं आणि चूक न करणं. शेजारच्या दारात नोरीन राहते. सत्तरीची, एकटी, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. पहिल्या हिवाळ्यात माझा हीटर बंद पडला तेव्हा तीच स्वतःचा घेऊन आली आणि माझ्या 'प्रेस'मधलं आईचं पातेलं उचलून म्हणाली, "आता हे मात्र ग्रँड आहे." इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि जे काही ठीक चाललंय ते सगळं ग्रँड असतं.

दर रविवारी जेवणाआधी नोरीन बसने डब्लिनला जायची. कुठे, ते तिसऱ्या वर्षी मला कळलं. शहराच्या कडेचं सँट्री हे उपनगर ओलांडल्यावर पुढे कुठेतरी एक मेंबर्स क्लब होता आणि त्याच्या कोपऱ्यात व्हिडिओ पोकरचं एक जुनं मशीन. "चल, तुला गंमत दाखवते," म्हणाली. मी घाबरतच गेले. आमच्या घरी मेंढीकोट चालायचं, पण पत्त्यांवर पैसे? बाबांनी घरात घेतलं नसतं.

खेळ सोपा. मशीन पाच पत्ते देतं. हवे ते ठेवायचे, नको ते टाकायचे, टाकलेल्यांच्या जागी नवे येतात, आणि जे जमलं असेल त्याचे पैसे मिळतात. नोरीनची बोटं झरझर चालत होती. हातात दोन चौक्या आणि एक राजा आला तर ती राजा टाकून द्यायची. मला हळहळ वाटायची. राजा काय टाकतेस बाई! पण प्रत्येक वेळी कुठले पत्ते ठेवायचे याचं एक आणि एकच बरोबर उत्तर असतं, आणि ते गणिताने काढता येतं. एकही चूक न करता खेळलं तर त्या मशीनमध्ये फिरवलेल्या शंभर युरोंमागे सरासरी साडेनव्याण्णव परत येतात. दुसऱ्या मशीनांवर असं नसतं, आणि ह्याही मशीनवर चुका करणाऱ्याला नसतं.

"म्हणजे तरी अर्धा युरो जातोच ना?" मी विचारलं.

तेव्हा नोरीनने पर्समधून क्लबचं कार्ड काढलं. कार्ड मशीनमध्ये सरकवून खेळलं की शंभरामागे पाव युरो पॉइंटांच्या रूपाने परत. आणि महिन्यातून एका रविवारी, सोनेरी कार्ड असेल तर, तिप्पट पॉइंट. म्हणजे पाऊण. साडेनव्याण्णव आणि पाऊण.

मी मनातल्या मनात बेरीज केली आणि खुर्चीला धरून बसले. शंभरावर पाव! देवा रे. माणसाला लुटायला बनवलेल्या त्या यंत्रात, न चुकणाऱ्या माणसासाठी, एवढीशी फट उरली होती. आणि ती फट या सत्तरीच्या बाईने, स्वेटरच्या बाह्या वर सारून, चहाचा कप शेजारी ठेवून शोधली होती. मी आयुष्यात फार थोड्या गोष्टींपुढे थक्क झालेय. पहिल्यांदा धडधडणारं उघडं हृदय पाहिलं तेव्हा झाले होते आणि त्या दुपारी झाले.

नंतर मी झपाटलेच. कुठले पत्ते ठेवायचे त्याचा तक्ता पाठ केला. एक्का, राजा, राणी, गुलाम, दहा, सगळे एकाच चिन्हाचे, हा डाव साधारण चाळीस हजारांत एकदा पडतो, आणि त्या साडेनव्याण्णवातले जवळजवळ दोन त्याच्याच भरवशावर असतात. तो माझ्या वाट्याला आजपर्यंत आलेला नाही, त्यामुळे फायदा सगळा कागदावरच. पण पैशासाठी कोण जात होतं? मला त्या अचूकपणाची भूल पडली होती. चांदीचं कार्ड झालं, मग सोनेरी. सोनेरी टिकवायला दर तीन महिन्यांत ठरावीक पॉइंट करावे लागायचे. कमी पडले की परत तळाला. नोरीन मला बजावायची, "बोनस तुझ्यासाठी असतो, तू बोनससाठी नसतेस." एका मशीनपुढे पेंगणाऱ्या गृहस्थाकडे बोट दाखवून म्हणायची, "युअर मॅन बघ." इथे कुणाही बाप्याला 'युअर मॅन' म्हणतात. "फुकटच्या टोस्टरसाठी गाडी घालवून बसलाय." मी हसायचे. मी कुठे तशी होते!

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी बाबांची पंचाहत्तरी होती. माझी रजा मंजूर झाली होती. तिकिटाचे दर बघून झाले होते. आणि त्याच रविवारी तिमाही संपत होती, तिप्पट पॉइंट होते, आणि माझे पॉइंट कमी होते. मी घरी फोन केला. म्हटलं, "बाबा, रोस्टर फार वाईट लागलंय. रजा नाही मिळत." रजा मी परत करून टाकली. रविवारी पाच तास बसले, एकही चूक केली नाही, सोनेरी कार्ड वाचलं. घरी आले तर आईने व्हिडिओ पाठवले होते. बाबा पाटावर बसलेत, बायका ओवाळतायत. मी ते एकदा बघितले आणि परत उघडले नाहीत.

यंदा मे महिन्यात आई आली. एकटीच, बाबांना थंडी सोसत नाही. तिला इथे सगळ्याचं अप्रूप. बसचा ड्रायव्हर उतरणाऱ्या प्रत्येकाचं 'थँक्यू' ऐकून घेतो याचं, रात्री दहापर्यंत उजेड असतो याचं. नोरीनशी तिचं काय जमलं! एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी पुरत नाही, तरी दोघी तासभर बोलत बसायच्या. असल्या भरात मी एकदा ठरवलं की आईला क्लबचं दाखवायचं. सोनेरी कार्डावर दोघांच्या जेवणाचं व्हाउचर आलं होतं. नोरीनही आपलं व्हाउचर घेऊन बरोबर निघाली.

आई मशीनपुढे अर्धा तास पत्ते बघत बसली. मग म्हणाली, "दोन चौक्या असल्या की राजा टाकायचा होय? बरोबर आहे. राजाला जोडीदार मिळायचा अजून, चौकीला तो आहेच." मी नोरीनला भाषांतर करून सांगितलं. तिने आईच्या पाठीवर थाप मारली.

जेवायला बसलो तेव्हा मी फुशारकीने गणित मांडलं. मशीनचे साडेनव्याण्णव, कार्डाचे पाऊण, वर हे तीस युरोंचं जेवण.

"तीस?" आईने काट्याने बटाटा उलटा करून पाहिला. "व्हाउचर नसतं तर तू इथं जेवायला आली असतीस का?"

"छे! असलं अळणी?"

"मग तीस कसले? शून्य धर की. आणि जायचं-यायचं बसचं तिकीट धरलंस का?"

बसचं तिकीट मी कधीच धरलं नव्हतं.

"ह्यांना बस फुकट आहे," आई नोरीनकडे मान करून म्हणाली. इथे म्हाताऱ्या माणसांना पास असतो, हे तिने आठवड्याभरात हेरलं होतं. "आणि ह्या दर रविवारी इथं जेवतातच. त्यांच्या ताटात ते तीस खरेच तीस आहेत. एकच भांडं गं, पण बोहारीण दारोदारी तेच भांडं घेऊन फिरली तरी प्रत्येकीला ते वेगळ्या भावात पडतं."

मी नोरीनला सांगत गेले आणि नोरीनचा चमचा हवेत थांबला. "चार वर्षं मी हिला हेच शिकवायला बघतेय," ती म्हणाली, "कुठल्या कॉलेजात शिकल्या तुझ्या आई?" आई दहावीनंतर शिकलेली नाही. मी समोर बसलेल्या त्या बाईकडे बघत राहिले, सुती साडीवर माझं जुनं जॅकेट घातलेल्या. पस्तीस वर्षांची झाले, हिच्या हातचं खाऊन वाढले आणि हिच्या डोक्यात काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं. नोरीनपुढे थक्क झाले होते त्याच्या शंभरपट मी तेव्हा झाले, आणि लाजलेही.

"आणि हे सोनेरी टिकवायला काय द्यावं लागतं?" आईने सहज विचारलं.

मीही सहजच बोलून गेले. "तीन महिन्यांत पॉइंट पुरे करायचे. गेल्या सप्टेंबरात तर शेवटच्या रविवारी बसून कसेबसे..."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे, आणि उरलेला बटाटा संपवला. अन्न टाकायचं नाही, म्हणून.

परतीची बस विमानतळावर थांबली. बॅगा घेऊन माणसं चढत होती. आई त्यांच्याकडे बघत होती. बस सुटल्यावर म्हणाली, "त्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, मेधा कुठाय? हे प्रत्येकाला सांगत होते, पेशंट टाकून वाढदिवसाला येणारी डॉक्टर ती माझी मुलगीच नव्हे. छाती अशी फुगली होती. मी काही सांगणार नाही त्यांना. तुझं तू बघ."

त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. त्या रविवारी मी कागदावर किती मिळवलं होतं ते मला पक्कं ठाऊक आहे. नऊ युरो. बसचं तिकीट वजा न करता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना फोन केला. आई स्वयंपाकघरात होती, तिने नळ बंद केला तेवढं कळलं. मी सगळं सांगितलं. मशीन, कार्ड, रजा. काही वगळलं नाही.

"मी सगळ्यांना सांगितलं होतं गं," बाबा म्हणाले. एवढंच. मग, "जेवलीस का?"

इकडे सकाळचे आठ वाजले होते. मी हो म्हटलं आणि फोन ठेवून रडले.

यंदाच्या सप्टेंबरात तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात मी कऱ्हाडला गेले. सोनेरी कार्ड गेलं. नोरीन म्हणाली, "ग्रँड, आता तुला पुन्हा रविवार मिळाले." बाबांना शहात्तरावं लागलं होतं. शहात्तराव्याचं काही करत नाहीत आपल्यात. पाट नाही, ओवाळणं नाही, पाहुणे नाहीत. बाबांनी दार उघडलं आणि आधी बॅगेवरचं नाव बघितलं. 'ध' चा रंग उडाला होता.

"काही विशेष?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

आईने कपाटातून निळा ड्रेस काढून दिला. सात वर्षं घडी करून ठेवलेला, डांबरगोळ्यांचा वास येणारा. खांद्यात घट्ट झालाय, पण होतो. तिने तेव्हा त्याच्याऐवजी चांगली साडी का दिली, ते मला तो डोक्यावरून घालताना कळलं.

मित्रांनो, घर म्हणजे काय हे मला आता विचाराल तर मी एवढंच सांगेन. काही विशेष नसताना जिथे जायचं, ते घर. पंचाहत्तरीला सगळेच जातात, तिथे तर तिप्पट पॉइंट असतात. मी ती चुकवली आणि ती आता परत येणार नाही. पण तो शहात्तराव्या वर्षातला एक साधा मंगळवार होता. मी निळा ड्रेस घालून ओट्यापाशी उभी होते आणि बाबा आतून म्हणाले, "आमटी गार होतेय, बसा आता."

मी बसले.