फुग्यांच्या शेडमधला तारपा

तुमच्या पाड्यावरचं वाद्य कुणी बंद पाडलं, असं विचारलं तर तुम्ही कुणाकडे बोट दाखवाल? डीजेकडे? शहराकडे? मीही बरीच वर्षं तेच लिहीत होतो.

२०१४च्या सुमाराला सरावलीजवळ फुग्यांचा एक कारखाना बंद पडला होता. त्याच्या शेडमध्ये आम्ही सहा-सात जणांनी रॉक वाजवायचा अड्डा सुरू केला. नाव ठेवलं नाइटक्लब, पण भरायचा रविवारी दुपारी. तलासरीच्या पोरांना संध्याकाळची शेवटची एसटी गाठायची असे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांना अंड्यांचे ट्रे ठोकलेले. ड्रमवर काठी पडली की फरशीच्या भेगांतली फुग्यांची पांढरी पावडर उडायची. वाणगावहून, अच्छाडच्या ढाब्यांवरून पोरं यायची. एरवी लग्नात बँजो बडवणारे इथे स्वतःची गाणी म्हणायचे.

मला वाजवता येत नव्हतं. मी मोर्च्यांच्या पत्रकांवर वाढलेला, बॅनर लिहायचो.

एका मे महिन्यात मी तलासरीकडच्या पाड्यावरून एका म्हाताऱ्या तारपावाल्याला आणलं. पाड्यात वाजवणारे ते एकटेच उरले होते. वाळलेल्या भोपळ्याचा, फुंकून वाजवायचा तारपा, सांधे मधमाशीच्या मेणाने बुजवलेले.

"भात निघाल्यावर वाजवायचा ह्यो," ते म्हणाले. "उन्हाळ्यात टांगून ठेवायचा."

"बाबा, अन्यायाला काय ऋतू असतो?" पत्रकातलंच वाक्य.

ते हसले. "बोलतो लय तू. चल, वाजवतो."

शेडमध्ये त्यांच्यामागचा माझा बॅनर वाचता येईना, म्हणून मी हॅलोजन ओढून त्यांच्या डोक्याशी आणला.

"ए पत्रक," गिटारवाला ओरडला, "लोक ऐकायला आलेत, वाचायला नाही!"

मी दिवा हलवला नाही. दोन चाली झाल्या. ते दिव्याखालीच वळत होते, अख्खी शेड फेर धरून त्यांच्यामागे फिरत होती. मग आवाज फाटला. मेण त्यांच्या बोटांवरून ओघळत होतं. बांबूची नळी निसटली, ती सावरताना भोपळा खाली पडला आणि तडकला.

तुकडे त्यांनी टॉवेलात बांधले. "पोरा, मेण हाय ते," एवढंच बोलले.

दिवाळीआधी मी नवा भोपळा घेऊन गेलो. त्यांनी हात लावला नाही. अवेळी वाजवला म्हणून पाड्याने बोल लावला होता. "आता छातीत वारा नाय," म्हणाले. अंगणात स्पीकर लागला होता, आमच्याच शेडमधला; बँड मोडल्यावर ड्रमवाला तो भाड्याने देऊ लागला होता. पोरीपोरांनी हात धरले, पण फेर फिरेना. फेर तारपावाल्याच्या मागे जातो. स्पीकर जागचा हलत नाही.

२०१९मध्ये शेड पाडली. त्यावरही मी जळजळीत पत्रक काढलं. त्यात माझा हॅलोजन नव्हता.

बाबा शेडमध्ये वाजवत होते त्या दुपारी काही जणांनी रेकॉर्ड करायला फोन वर धरले होते. त्या दोन चाली बाबांशिवाय कुणालाच येत नाहीत, आणि ते आता वाजवत नाहीत. तुमच्या जुन्या फोनमध्ये त्या असतील, तर मला पाठवू नका. तलासरीच्या बाजारात तारपावाल्या बाबांचा पाडा विचारा, तिथे जा आणि पोरांना ऐकवा. पण भात निघाल्यावर जा.