पायाला लागलेला चेंडू

आखातात, दुबईपलीकडच्या फुजैराला आम्ही सहा वर्षं काढली, त्यातली शेवटची चार मी गोल्फ खेळले. हे सांगितलं की पुण्यातल्या बायका भुवया उंचावतात आणि मनातल्या मनात माझ्या नवऱ्याचा पगार मोजायला लागतात. मोजू देत. आमचं गोल्फ त्यांना वाटतं तसलं नव्हतंच. तेलाच्या टर्मिनलवर कामाला असलेल्या कुणा गोऱ्या साहेबांनी डोंगराच्या पायथ्याची उजाड जमीन आखून घेतली होती. खांब रोवून वाटा ठरवल्या होत्या, नऊ ठिकाणी नऊ भोकं पाडली होती आणि एका पत्र्याच्या शेडला क्लब असं नाव दिलं होतं. गवताची काडी म्हणून नव्हती. भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीला गोल्फमध्ये ग्रीन म्हणतात. आमच्याकडे तिथे तेल ओतून दाबून बसवलेली काळपट वाळू असायची, म्हणून आम्ही तिला ब्राउन म्हणायचो. खेळून झालं की तिच्यावरच्या आपल्या पावलांच्या खुणा आपणच झाडून काढायच्या. म्हणजे एक केर घरी आणि एक तिथे.

बाकी सगळीकडे खडी आणि मऊ वाळू. तिच्यावरून चेंडू नीट मारताच येत नाही, म्हणून प्रत्येकीजवळ पोळपाटाएवढा नकली गवताचा तुकडा असे. चेंडू पडेल तिथे तो अंथरायचा, आपला चेंडू उचलून त्यावर ठेवायचा, मारायचा, तुकडा काखोटीला मारून पुढे चालू लागायचं. एवढी सवलत फक्त आपल्या चेंडूपुरती. समोरचीच्या चेंडूला हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशीच बजावून सांगितलेलं असे. मध्ये शेळ्या आल्या तर त्या जाईपर्यंत उभं राहायचं.

मी हे का खेळायला लागले, याला काही उदात्त कारण नाही. मुलगी शाळेत गेली की दिवस खायला उठायचा. योगाच्या वर्गाला गेले, तिथल्या बाईंशी भांडण झालं. भिशी लावली, तिथेही झालं. गोल्फमध्ये भांडायला माणूस लागत नाही, चेंडू पुरतो. शिवाय मला ते बऱ्यापैकी जमायचं, आणि जे जमतं ते आवडायला लागतंच.

दर वर्षी हिवाळा सरता सरता आमच्या क्लबाच्या चार बायका दुबईतल्या एका मोठ्या क्लबात सामना खेळायला जात. खऱ्या गवतावर. तीन जणी कॅप्टनबाई स्वतः निवडायच्या आणि चौथी जागा उरलेल्यांतून सामने खेळून जिंकायची. त्या चौथ्या जागेसाठी मी तीन वर्षं खेळले आणि तीन वर्षं हरले. दुबईला जाताना हायवेवरून तो क्लब दिसायचा. आमची गाडी ताशी शंभराने जात असायची, त्यामुळे दिसायचा तोही जेमतेम, एक हिरवा पट्टा आणि त्यावर पाण्याचे फवारे. मी सोलापूरची. हिरवळीचं वेड असायचं मला काही कारण नाही. तरी तो पट्टा मागे पडला की माझा जीव चुटपुटायचा. गवतावर ठेवलेल्या चेंडूला मारताना हाताला काय लागतं, ते मला कळायला हवं होतं. जाऊन आलेल्या बायका सांगायच्या, "इट्स सॉफ्ट, माय डिअर, लाइक बटर." लोण्यात कुणी काठी मारून बघितली आहे?

चौथ्या वर्षी मी अंतिम सामन्यात पोचले. जूनमध्ये नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपून आम्ही कायमचे परत निघणार होतो. यंदा नाही तर कधीच नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, कारण मी ते रोज ऐकवत होते.

समोर होती वसईची एक मुलगी. ख्रिश्चन, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, समुद्राकाठच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर. हॉटेलाच्या मॅनेजरने शिकवलं म्हणून खेळू लागलेली. तिचं मराठी माझ्यापेक्षा साफ होतं आणि स्वभावही. मला ताई म्हणायची. नाताळात केक आणून द्यायची, मी दिवाळीत चिवडा पाठवायची. तिच्यावर राग धरता येईल असं तिने कधी काही केलं नाही, आणि अशा माणसाशी सामना खेळणं फार अवघड असतं.

शुक्रवारी सकाळी सुरुवात झाली. पंच म्हणून कॅप्टनबाई स्वतः बरोबर चालत होत्या. साठीच्या, उन्हाने तांबूस झालेल्या, नियम तोंडपाठ. नवऱ्याने माझी बॅग उचलली होती आणि दहा वर्षांची मुलगी टोपी घालून मागून येत होती. या प्रकारच्या सामन्यात प्रत्येक होल वेगळा मोजतात; जिचा चेंडू कमी फटक्यांत भोकात गेला, तो होल तिचा. नऊ होल दोनदा खेळून अठरा. पहिला होल मी दोन्ही वेळा जिंकले, पण मधले दोन घालवले. सतरा झाले तेव्हा आम्ही बरोबरीत होतो.

शेवटच्या होलवर तिचे तीन फटके झाले होते आणि चेंडू ब्राउनच्या कडेला वाळूत अर्धा रुतून बसला होता. माझे चार झाले होते, पण चेंडू भोकापासून दोन हातांवर. तिला अजून दोन लागणार, मला एक. म्हणजे दोघींचे पाच-पाच. मग बरोबरी, आणि बरोबरी झाली की निकालासाठी पुन्हा पहिला होल. माझा होल. मला तो आत्ताच जिंकल्यासारखा वाटत होता.

भोकातला झेंडा मी काढला आणि तिला जागा द्यायला मागे सरकले. टाच कशाला तरी लागली. वळून बघितलं तर तिचा चेंडू. तो जराही हलला नव्हता. मी वाकले, दोन बोटं चेंडूला लावली आणि कपाळाला.

बस्स, एवढंच. पुस्तकाला पाय लागला, झोपलेल्या मुलीला लागला, कुणाच्या पिशवीला लागला, की हात जातो तसा गेला.

"अहो असू दे ताई," ती वसईची म्हणाली. तिच्याही तोंडून आपसूकच निघालं असणार.

कॅप्टनबाई जवळ आल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "यू टच्ड हर बॉल," त्या म्हणाल्या. चुकून पाय लागला आणि चेंडू हलला नाही तर काही नाही. पण समोरचीच्या चेंडूला जाणूनबुजून हात लावला तर एक फटका दंड. त्यांनी मला नियम समजावला, आणि मग, बाई खरोखर भल्या होत्या, स्वतःच वाट काढून दिली. जाणूनबुजून लावला का, एवढाच प्रश्न होता.

मी तोंड उघडायच्या आत वसईचीने इंग्रजीतून सांगून टाकलं, की नाही, मुळीच नाही. ही आमच्याकडची सवय आहे, पाय लागला की हात आपोआप जातो, पापणी लवते तसा. आमच्या घरीही करतात. तिला काय गरज होती असं सांगायची? दंड मला झाला असता तर फायदा तिचाच होता.

कॅप्टनबाईंना हायसं वाटलं. "ऑफ कोर्स," त्या माझ्याकडे बघून हसल्या. "इट डझन्ट मीन एनिथिंग, डझ इट?"

त्यात वाईट काही नव्हतं. त्यांनी माझ्या बाजूचाच निकाल दिला होता, मी फक्त मान हलवायची होती. आणि ते खरंही होतं, मी काही ठरवून हात लावला नव्हता. घरी मी दिवासुद्धा आठवण आली तर लावते. पण ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. कशाला काही अर्थ नाही? मला लहानपणी हे शिकवताना आईने पाठीत धपाटे घातले होते. मी माझ्या मुलीला शिकवलं होतं, ती तिथेच टोपी घालून उभी होती. त्याला काही अर्थ नाही, असं पत्र्याच्या शेडसमोर उभं राहून मी कबूल करायचं, आणि तेही एका फटक्यासाठी?

"इट डझ," मी म्हटलं. "आय डिड इट ऑन पर्पज."

"ताई!" वसईची म्हणाली.

"आर यू शुअर?" कॅप्टनबाईंनी दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं. दुसऱ्यांदा जरा जास्तच जोरात. नवरा बॅग खाली ठेवून डोंगराकडे बघत राहिला. मला राग आला की तो नेहमी कशाकडे तरी बघत राहतो.

मग वसईचीने चेंडू भोकाजवळ आणला आणि पुढच्या फटक्यात आत घातला. पाच. मीही एका फटक्यात घातला. पाच, आणि दंडाचा एक. संपलं. तिने मला मिठी मारली तेव्हा ती रडत होती, मी नव्हते. झाडू घेऊन मी ब्राउन झाडायला लागले, कारण ते कुणीतरी करायलाच हवं होतं.

गाडीत बसल्यावर मुलगीच आधी बोलली. "मम्मी, यू डिडन्ट डू इट ऑन पर्पज. आय सॉ."

"गप्प बस."

"देन यू लाइड."

"अगं, त्या बाई तुला सोडत होत्या, तर आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतलास," नवरा म्हणाला. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुझा. खलास, आता घरी तरी शांत राहा."

मी शांतच होते. दोन दिवस मला वाटत होतं की मी काहीतरी थोर केलं आहे. तिसऱ्या दिवशी भाजी चिरताना ते ओसरलं आणि उरलं ते एवढंच, की गवतावर आता ती जाणार. जे खरं होतं ते सांगितलं असतं तर मी गेले असते, निदान पुन्हा एकदा तो पहिला होल खेळले असते. खोटं बोलून लोक काहीतरी मिळवतात. मी खोटं बोलून हरले. याला अभिमान म्हणावं की मूर्खपणा, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही.

दुबईच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ती घरी आली. दारातच उभी राहिली, आत येईना. वाळूत आम्ही साधे कॅनव्हासचे बूट घालून खेळायचो, पण दुबईच्या क्लबात खाली खिळे असलेले गोल्फचे बूटच लागतात, हे तिला त्याच दिवशी कळलं होतं. फुजैरात ते मिळत नव्हते. दुबईत देराच्या बाजारात जाऊन आणायला वेळ नव्हता. माझ्याकडे आहेत हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. उपांत्य सामना जिंकल्या दिवशी मी ते दुबईहून मागवले होते. नवरा म्हणाला होता, दोनशे दिरहम, म्हणजे दोन हजाराच्या वर गेले की! पांढरे, कोरे, खोक्यातच होते. आमच्या दोघींचं माप एक.

"नाही म्हणालात तरी चालेल ताई," ती म्हणाली. "मनापासून सांगते."

मी खोकं आणून तिच्या हातात दिलं. चांगुलपणाने नव्हे. निदान माझे बूट तरी तिथे जातील, असा काहीतरी हिशेब मी केला होता. परत आले की त्यांच्या तळाला मातीबरोबर गवताची दोन-चार पाती अडकलेली असणार, ती मी बघणार होते. कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली. उन्हाने चेहरा लाल झालेला, केस विस्कटलेले, आणि आनंद तिला लपवता येत नव्हता. तिची जोडी हरली होती, त्याचं तिला काहीच वाटत नव्हतं. कसं होतं, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मला वाईट वाटेल म्हणून. तिने खोकं माझ्या हातात दिलं आणि वर एक मिठाईचा पुडा.

"हॉटेलवर थांबून स्वच्छ करून आणलेत ताई," ती म्हणाली. "खालून टूथब्रशने घासलेत. बघा, घातलेत असं वाटणारसुद्धा नाही."

"कशाला गं एवढं," मी म्हटलं आणि तिला चहाला आत बोलावलं. ती घाईत होती, गेली. मी दार लावलं आणि बूट ट्यूबलाइटखाली उलटे धरले. एकेका खिळ्याच्या बेचक्यात नख घालून बघितलं. साबणाचा वास येत होता. त्या सामन्यात हरले तेव्हा मी रडले नव्हते. ते बूट हातात घेऊन, बाथरूमचं दार लावून, मी पोटभर रडून घेतलं.