दिग्रसला, एका हाडाच्या भेटीला

एक एक्स-रे द्यायला पुण्याहून दिग्रसला कोणी जातं का, असं सगळ्यांनी विचारलं. मी गेले. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही कोलंबीच्या टरफलांतून कायटोसॅन नावाचा पदार्थ काढतो, त्यात हाडातलं खनिज मिसळतो आणि स्पंजासारखा भराव करतो. हाडातल्या पोकळीत तो बसवला की त्याच्या आधारानं नवं हाड वाढतं. या भरावाच्या चाचणीतले रुग्ण नामदेवराव यांची नडगी अशीच झकास भरून आली होती आणि ते मला स्वतः सांगायचं होतं. हौस म्हणा!

यवतमाळहून निघालेली एसटी बोरी अरबला पंक्चर झाली. टपरीवर गरम आलुबोंडा (आपला बटाटेवडा) खाताना शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुठं चालल्या?"

"दिग्रसला, एका हाडाला भेटायला."

त्या जरा सरकून बसल्या.

नामदेवरावांच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस होता, भावाची वाट पाहत. बसताक्षणी माझं अंग खाजू लागलं. "भावच नाई, मंग पाहुण्यायले बी कापसातच बसवून राह्यलो," ते हसले. गेल्या हंगामात गाडीवर कापूस तुडवताना ते खाली पडले आणि नडगी मोडली होती. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांचा) वाढला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी मी दोनदा मागून घेतला.

तेवढ्यात खुंटीवर तुळशीच्या दोन माळा दिसल्या. "माळकरी ना तुम्ही? मग गळ्यात का नाही?"

"पायात झिंगे (कोलंबी) हायेत ना माह्या! तुमी आधीच सांगतलं होतं, मी हो म्हनलं. पाय त पाह्यजे होता. पन माळ नाई त मृदंगाले हात लावत नाई मी."

गावच्या भजनात मृदंग तेच वाजवायचे. ऑपरेशनपासून तो कोपऱ्यात होता. मला फार वाईट वाटलं.

दारातल्या उजेडात मी एक्स-रे धरला. "इथे पोकळी होती. आता हे तुमचं हाड. आमचा भराव हळूहळू विरतो."

"मंग झिंगा सरला?"

हो म्हणणं सोपं होतं. "बहुतेक. कणभर उरला असेल, तर तो यात दिसणार नाही."

त्यांचा चेहरा उतरला. काकू चुलीपासूनच बोलल्या, "वावरात शेणखत टाकतो, तरी कापूस पांढराच येते ना? घाला आता!"

नामदेवराव खो खो हसले. माळ डोळ्यांना लावून त्यांनी गळ्यात घातली आणि मृदंग पुढे ओढला. पहिली थाप पडली तशी काकूंनी पदराला हात पुसून खुंटीवरची दुसरी माळ गळ्यात घातली.

"तुमच्या पायात तर काही नव्हतं, काकू," मी म्हटलं.

"यायनं काढली, मंग मी एकटीनं घालून काय करू?"

परतीच्या एसटीत मी केसांतला कापूस वेचत होते. पुण्यात विचारतील, दिग्रसला किती रुग्ण बरे झाले. मी दोन सांगणार आहे.