मिक्सरचा छाप

आमच्या घरात मी आन् लॅपटॉप, दोघंच राहतो. शिकलेला तो एकटा.

पुण्याला नोकरी करनाऱ्या पोरानं, संजूनं, आपला जुना लॅपटॉप मला आखाडा बाळापूरला आनून देला. दर रविवारी त्याच्यात पोराचं तोंड दिसायचं. (बाकी सहा दिवस मी त्या बंद डब्ब्याकडं पाहायचो. तोबी माझ्याकडं.) त्याची आई गेल्यापसून बोलायला दुसरं कोन व्हतं?

एक दिवस उंदरानं चार्जरची वायर खाल्ली! संजू फोनवर म्हनला, "बाबा, तपासनीचा छाप असलेलाच घ्या. बिनछापाचा पेटतो. रविवारी दाखवा मला."

दुकानदारानं एका इस्त्रीवर छाप कसा असतो ते दाखवलं. म्हनला, "पर छापाचा चार्जर नांदेडहून मागवावा लागंल काका. आठ दिवस."

आठ दिवस! मंजी रविवार बुडाला! घेतला की बिनछापाचा. वाटंत डोस्क्यात उजेड पडला. लेकराला गालबोट, दाराला बिब्बा, तसा चार्जरला छाप! बायकोचा मिक्सर दोन वर्सापसून फळीवर गप बसून व्हता. त्याच्यावरचा छापाचा कागद नखानं सोडवला आन् भाताच्या शितानं चार्जरला चिकटवला.

रविवारी संजू दिसला. वाळला व्हता.

"चार्जर दाखवा, बाबा."

दाखवला, ऐटीत!

"बाबा, हे काय लिवलंय? 'भांड्याचं झाकन लावल्याबिगर चालू करू नये'?"

"मंग? लॅपटॉपलाबी झाकन असतंच की!"

"हा आईच्या मिक्सरचा कागद हाय का? बाबा, आधी पीन काढा ती...!"

फाट्ट! ठिनगी उडाली, धूर झाला, संजू गायब! घरातली लाईट गेली. मोबाईल आधीच मेलेला, त्याच बोर्डाला लावलेला. म्या निवांत झोपलो.

सकाळी दारात संजू! डोळे लाल, केस उभे.

"बाबा! जिते हायत का तुमी?"

"व्हय. काहून? भाकर खाऊन राहिलो. बस, तूबी खा."

पोरगं उंबऱ्यावरच बसलं. आधी हासलं, मंग तोंड फिरवून डोळे पुसले. (म्या भाकरीकडं पाहिलं.) तीन दिवस राह्यलं. घरात दोन ताटं पडली. जायच्या आधी नांदेडहून छापाचा, पक्का तपासलेला चार्जर आनून देला.

त्याला आता तीन वर्सं झाली, संजू लॅपटॉपातच दिसतो. चार्जर मेला बिघडतच न्हाई! उंदीरबी तोंड लावत न्हाई. काल म्या त्याचा छाप नखानं खरडून पाहिला. तोबी निघंना!