राष्ट्रगीत संपेपर्यंत

चुरगळलेल्या झेंडूचा उग्र वास आला, की मला हिंजवडीतला तो पंधरा ऑगस्ट आठवतो. आमच्या शेतात कंपनीची काचेची इमारत उभी राहिली, त्याचं ते पहिलंच वर्ष. गावाचा झेंडा आमच्या खळ्यावर लागायचा आणि मान माझ्या चुलत्यांचा. खळं आता कंपनीच्या कुंपणाआड गेलं होतं. तरी चुलते कडक धोतर नेसून, भावकीला घेऊन आत शिरले. घडीत पाकळ्या बांधलेला झेंडा खांबावर तयार होता. "अहो, आपण बाजूला व्हा, साहेब आलेत," मॅनेजर म्हणाला. "जमीन दिली, मान न्हाई दिला," म्हणत चुलत्यांनी दोरी ओढली. पाकळ्या बरसल्या आणि त्यांच्या डोक्यावर रखवालदाराची काठीही. मग खुर्च्या उडाल्या, दगड आले, कुणाचे तरी दात पडले. झेंडा फडकलेला बघून स्पीकरवाल्याने सवयीने राष्ट्रगीत लावलं आणि सगळे होते तिथे ताठ उभे राहिले. भावाच्या मुठीत दगड तसाच, रखवालदाराची काठी मांडीला चिकटलेली. चुलत्यांच्या डोळ्यात रक्त उतरत होतं, पण त्यांनी ते पुसलं नाही. मला वाटलं, आले सगळे भानावर. शेवटचं 'जय हे' संपलं आणि तीच काठी चुलत्यांच्या दोरीवाल्या हातावर बसली; हाड मोडल्याचा आवाज मला लांबूनही ऐकू आला. आज मी त्याच इमारतीत नोकरी करते. दरवर्षी राष्ट्रगीत संपलं की सगळे जिलेबीकडे वळतात. मी मात्र ते संपत आलं की डोळे घट्ट मिटून घेते.