अदबीत अडकलेला वारा

पोटाच्या कॅन्सरची ऑपरेशनं करणारी सर्जन रोज सकाळी राउंडला पेशंटना काय विचारते, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आईने कपाळावर हात मारला. "एवढं शिकवलं, आणि तू लोकांना वारा सरला का विचारत हिंडतेस?"

हो, तेच विचारते. आतडं कापून पुन्हा जोडलं की ते जागं झाल्याची पहिली बातमी तीच. आम्ही मूळ साताऱ्याचे. आमच्याकडे ही बातमी न विचारता मिळते, कधीकधी पंगतीतसुद्धा. लखनौचं तसं नाही.

लखनौजवळच्या मलिहाबादचे, आंब्याच्या बागा असलेले एक बुजुर्ग माझ्याकडे आले होते. वय सत्तरीपुढे, आणि हॉस्पिटलचा ढगळ गाऊनही ते शेरवानीसारखा मिरवत. त्यांच्या मोठ्या आतड्यातली गाठ मी काढली आणि दोन टोकं जोडली. हल्ली लवकर खायला देतात, पण यांचं आतडं आधीच तुंबून फुगलेलं, म्हणून मी सावध होते. नाकात नळी, तोंडाने काही नाही, आणि रोज माझा प्रश्न, "चचा, गैस पास हुई?"

"आपकी दुआ से सब ख़ैरियत है, डॉक्टर साहिबा."

"वो तो ठीक. पर हुई?"

ते छताकडे बघत. "जी, अभी कहाँ."

असे पाच दिवस गेले. पोट मऊ, ताप नाही, स्टेथोस्कोप लावला तर आत गुडगुड. बातमी तेवढी नाही. जोड गळत असेल तर पोट पुन्हा उघडावं लागणार होतं, आणि ते त्यांना झेपेल याची मला खात्री नव्हती. मी स्कॅन सांगितला आणि त्यांच्या पत्नीला, बेगमसाहिबांना, व्हरांड्यात नेऊन सगळं समजावलं. त्यांनी काही सांगायला तोंड उघडलं, माझ्या मागच्या तीन ज्युनियरांकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.

त्या दुपारी आई घरून माझा डबा घेऊन आली. मी मोकळी होईपर्यंत ती बाकावर बेगमसाहिबांच्या शेजारी बसली. अर्ध्या तासाने माझ्या खोलीत येऊन डबा उघडत म्हणाली, "स्कॅन कशाला करतेस गं? त्या माणसाचं परवापासून सरतंय."

"कोण म्हणालं?"

"त्यांची बायको. मी म्हटलं, इसमें लाजने का क्या है बहनजी, पेट तो सबको होता है. मग बोलली बिचारी. त्यांनी तिला शपथ घातलीय. बाईमाणसाला असलं सांगायचं नाही म्हणे."

पोळीचा घास ताटात टाकून मी वॉर्ड गाठला.

"चचा, परसों से?"

ते कानापर्यंत लाल झाले. "बेटी, ये भी कोई अर्ज़ करने की बात है?"

"अर्ज़ नहीं करेंगे तो मैं पेट दोबारा खोल दूँगी."

त्यांनी यावर खरोखर विचार केला. कोणती नामुष्की मोठी, ते तोलत असावेत. शेवटी म्हणाले, "कहेंगे नहीं. इशारा कर देंगे."

तह झाला. पोट पुन्हा नीट तपासलं आणि स्कॅन थांबवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अख्खी पलटण घेऊन पलंगाशी उभी राहिले. त्यांनी उशीला टेकून उजवा हात संथपणे वर नेला आणि चार बोटं दाखवली. बेगमसाहिबा खिडकीबाहेर बघू लागल्या. एका ज्युनियरला अचानक खोकला आला.

नळी काढली. मुगाच्या डाळीचं पाणी आलं. सहा दिवसांचा उपाशी माणूस, पण वाटी हातात घेऊन थांबला.

"पहले डॉक्टर साहिबा."

"चचा, ये आपका है."

"आप खड़ी रहें और हम पी लें, ये हमसे न होगा."

मग मी भर वॉर्डात, ज्युनियरांसमोर, ते अळणी पाणी चमचाभर प्यायले आणि लाजवाब आहे असं सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी वाटी ओठांना लावली.